उपनगरात घर घेताय? टोकन देण्याआधी कुठल्या क्रमाने काय तपासायचं

ठाण्याच्या पुढे, डोंबिवली-कल्याण-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात ओळखीतल्या पाच-सात कुटुंबांची घरखरेदी मी जवळून पाहिली आहे. बहुतेकांचा फोन एकाच टप्प्यावर येतो: "टोकन देऊन आलोय, आता जरा कागद बघशील का?" तोवर लाखभर रुपये गेलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात आणि मुलांनी आपापला कोपरा ठरवून टाकलेला असतो. त्यानंतर कागदात खोट दिसली तरी ती मान्य करायला घरातलं कुणी तयार नसतं.

सगळ्यात महाग पडते ती क्रमाची चूक. लोक आधी फ्लॅट बघतात, मग टोकन देतात, मग कागद मागतात, आणि परिसर त्यांना राहायला गेल्यावर कळतो. माझ्या मते आधी परिसर, मग इमारत, मग घर, मग कागद आणि सगळ्यात शेवटी पैसे. घरातली गळती काढता येते, फरशी बदलता येते. स्टेशनचा रस्ता, नळाला पाणी यायची वेळ आणि पावसात चढणारा नाला आपल्याला बदलता येत नाही.

पुढची उदाहरणं याच पट्ट्यातली आहेत. वसई-विरार, पनवेल किंवा पुण्याजवळच्या वाघोली-चाकणला घर बघत असाल तर कार्यालयांची नावं आणि मुद्रांकाचे दर बदलतील, क्रम हाच ठेवा.

## 1. निघण्याआधी: पैशांचा आणि वेळेचा हिशेब

एजंटला पहिला फोन करण्याआधी घरात बसून दोन आकडे कागदावर लिहा.

पहिला आकडा हातातल्या रकमेचा. "बँक 80 टक्के देते, 20 आपले" एवढ्यावर लोक निघतात आणि इथेच फसतात. 50 लाखांचं घर धरा. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे 40 लाख. तुमचे 10 लाख. त्यावर ठाणे महापालिका हद्दीतला 7 टक्के मुद्रांक म्हणजे 3.5 लाख, नोंदणी फी 30,000 (1 टक्का, पण 30,000 च्या वर जात नाही), एजंटचा 1 टक्का धरला तर 50,000. झाले 14 लाख 30 हजार. वकील, सोसायटीची हस्तांतरण फी, सामान हलवणं, रंगकाम वेगळं. मुद्रांक सहसा कर्जात धरला जात नाही, तो रोख तयार ठेवावा लागतो.

हद्द बदलली की मुद्रांकाचा दर बदलतो. महापालिका आणि नगरपालिका यांच्यातही फरक पडतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते. मुद्रांक करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतो. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत जीएसटीही असतो: 5 टक्के, आणि मुंबई महानगर क्षेत्रात 60 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) व 45 लाखांपर्यंतच्या घराला 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही.

दुसरा आकडा प्रवासाचा. घरातल्या कमावत्या प्रत्येकाने दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जास्तीत जास्त किती मिनिटं चालतील ते लिहायचं. नवरा-बायकोने वेगवेगळं लिहायचं, मग एकमेकांना दाखवायचं. एकाने 75 आणि दुसऱ्याने 120 लिहिलं असेल तर ते आजच कळलेलं बरं.

सोबत एक पिशवी तयार ठेवा: मोजपट्टी, टॉर्च, तीन पिनांचा सॉकेट टेस्टर (हार्डवेअरच्या दुकानात मिळतो), एक काचेची गोटी, वही.

इशारा: या टप्प्यावर चेकबुक घरी ठेवा, आणि एजंटने "फक्त 11 हजार टाका, फ्लॅट ब्लॉक करतो" म्हटलं तर फोनवरूनही पैसे पाठवू नका.

## 2. परिसर: चार वेळा जा, त्यात रविवार दुपार धरू नका

बिल्डरची गाडी नेहमी रविवारी स्टेशनवर घ्यायला येते. रस्ता मोकळा, लोकलला गर्दी नाही, ऊन छान. त्या दिवशी पाहिलेला परिसर तुम्ही राहणार असलेला नव्हे. स्वतःच्या खर्चाने, एजंटला न कळवता चार फेऱ्या मारा.

पहिली फेरी, कामाच्या दिवशी सकाळी. तुम्ही रोज निघाल त्या वेळी इमारतीच्या फाटकाशी उभे राहा आणि घड्याळ लावा. जाहिरातीतल्या "स्टेशनपासून 5 मिनिटं" या शब्दांत ती पायी, रिक्षाने की पहाटे गाडीने हे नसतं. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, पूल चढा, फलाटावर जा, आणि तुमच्या गाडीत खरंच चढा. बदलापूर किंवा अंबरनाथहून सुटणारी गाडी आणि कर्जतहून भरून येणारी गाडी यांत चढण्याचा अनुभव पूर्ण वेगळा असतो. महिलांच्या डब्यासाठी ही परीक्षा ज्या बाईला रोज जायचंय तिनेच द्यावी, नवऱ्याने सांगितलेलं धरू नये.

परतीची वेळही अशीच मोजा. रात्री साडेदहानंतर स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते का, मिळाली तर किती घेतात, हे रिक्षा स्टँडवरच विचारा.

"इथे मेट्रो येतेय", "तिसरी-चौथी मार्गिका होतेय" हे प्रत्येक जण सांगेल. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका एमयूटीपी-3ए या मुंबईच्या लोकल रेल्वे सुधारणेच्या प्रकल्पात मंजूर आहे, हे खरं. पण घराचा निर्णय आज धावणाऱ्या गाड्यांवरच घ्या. मंजूर, प्रस्तावित, काम सुरू असे तिन्ही शब्द तुमच्या हिशेबात शून्य धरा. पुढे झालंच तर फायदा.

दुसरी फेरी, पावसात. जुलैत सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी जा. उल्हास नदीच्या काठाने वसलेल्या भागात तर हे टाळूच नका. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याच पुराचं पाणी बदलापुरातल्या सखल वसाहतींमध्ये शिरलं होतं.

उन्हाळ्यात घर बघत असाल तर पाऊस दिसणार नाही, पण खुणा दिसतात. तळमजल्याच्या दुकानांच्या भिंतीवर एका उंचीला आडवी मातकट रेघ आहे का? पार्किंगमधले विजेचे मीटर छातीच्या वर नेऊन बसवलेत का? दुकानांनी उंबऱ्याला वीटबांधकामाचा बांध घातलाय का? असं दिसलं तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला सरळ विचारा, "2005 ला आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" एजंट सोडून बाकी सगळे खरं सांगतात, आणि बोट दाखवून सांगतात.

नदीजवळच्या प्लॉटसाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघायच्या. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन तो भूखंड रेषेच्या आत येतो का, हे विचारता येतं. निळ्या रेषेच्या आत असेल तर मी तरी पुढे जाणार नाही, किंमत कितीही कमी असो.

तिसरी फेरी, पाण्यासाठी. शक्य असेल तर मे महिन्यात. "पाणी आहे का?" या प्रश्नाला जगात सगळीकडे "आहे" हेच उत्तर मिळतं. विचारायचं असं: नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ, आठवड्यात कुठला दिवस कोरडा, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात? बदलापूर-अंबरनाथला पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाहतं, कल्याण-डोंबिवलीत महापालिका, काही भागांत एमआयडीसी. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे पुरवठे असू शकतात, म्हणून समोरच्या इमारतीतलं उत्तर तुमच्या इमारतीला लागू होईलच असं नाही.

आम्ही घर शोधत होतो तेव्हा एका नव्या संकुलात मार्चमध्ये सगळं मनासारखं वाटलं होतं. मेमध्ये पुन्हा गेलो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून बाथरूममधले सहा ड्रम दाखवले. इमारतीला कायमची नळजोडणीच मिळाली नव्हती, बोअरवेल आणि टँकरवर चाललं होतं. विक्री कार्यालयात कुणीही हे सांगितलं नव्हतं. तिथे आम्ही घर घेतलं नाही.

चौथी फेरी, रात्री अकरानंतर. गाडी लांब लावून चालत फिरा. रस्त्यावरचे दिवे, भटकी कुत्री, शेजारच्या मंगल कार्यालयाचा किंवा लॉनचा आवाज, रुळांचा खडखडाट. डोंबिवली आणि अंबरनाथमध्ये एमआयडीसीच्या आसपास घर बघत असाल तर रात्रीचा आणि पहाटेचा वास घ्यायलाच हवा. दिवसा जाणवत नाही तो उग्र दर्प तेव्हा येतो. वासापलीकडेही प्रश्न आहे: डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, आणि आजूबाजूच्या राहत्या घरांच्या काचा फुटल्या. नकाशावर जवळच्या रासायनिक कारखान्यापासूनचं अंतर मोजून वहीत लिहा.

### सोयींची यादी कशी करायची

जाहिरातीत "शाळा, हॉस्पिटल, मार्केट हाकेच्या अंतरावर" असतं. प्रत्येक सोयीला एक नेमका प्रश्न विचारा.

हॉस्पिटल: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर इथे डॉक्टर हजर असतो का, आयसीयू आहे का? त्यासाठी रात्रीच्या फेरीतच आत जाऊन रिसेप्शनवर विचारा. बोर्डवर "24 तास" लिहिलेलं असतं आणि आत फक्त वॉर्डबॉय असतो, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. आई-वडील सोबत राहणार असतील तर या एका मुद्द्यावर घर नाकारायलाही हरकत नाही.

शाळा: तुमच्या मुलाच्या इयत्तेत जागा आहे का? मान्यताप्राप्त शाळेला 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, असतो, तो विचारा. बाजार, मेडिकल, गिरणी याबद्दल फार लिहीत नाही, वस्ती झाली की ते येतंच.

समोरची मोकळी जागा मात्र नीट बघा. "समोर कायम ओपन राहणार, गार्डनचं आरक्षण आहे" यावर लोक मजल्यामागे जास्तीचे पैसे देतात. विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर काय आहे, याचा झोन दाखला नगररचना विभागातून मिळतो. तिथे रस्त्याचं रुंदीकरण, स्मशानभूमी किंवा सांडपाणी प्रकल्पाचं आरक्षणही निघू शकतं. आणि रुंदीकरणाची रेघ तुमच्याच इमारतीतून जात नाही ना, तेही त्याच नकाशावर दिसतं.

थांबा आणि तपासा: चारही फेऱ्या झाल्या? प्रवासाचा मोजलेला वेळ पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या आकड्यात बसतो? बसत नसेल तर फ्लॅट बघायलाच जाऊ नका. एकदा आवडला की आकडा आपोआप वाढवला जातो.

## 3. इमारत: लिफ्टपेक्षा जिना वापरा

वर जाताना जिन्याने जा. प्रत्येक मजल्यावर डक्टच्या बाजूची भिंत, पाइपांचे सांधे, ओलीचे डाग दिसतात. मग पार्किंगमध्ये कॉलम बघा. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार चिरा सहसा वरवरच्या असतात. कॉलमच्या कोपऱ्याला धरून वरून खाली सरळ गेलेली चीर मात्र गंभीर, कारण आतली सळई गंजून फुगली की ती तशी पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एटीएम कार्डाची कड आत जाईल इतकी रुंद चीर दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी काही हजारांत जाते, घर लाखांत.

गच्चीवर जा. पाणी साचल्याचे काळे-हिरवे डाग, टाकीची झाकणं, पत्र्याची शेड. गच्चीवर जायला मनाई केली तर का, ते विचारा.

रिसेल असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून, घरमालकामार्फत, या गोष्टी मागा:

- मागच्या दोन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल. टँकरवर किती खर्च झाला, मेंटेनन्सची थकबाकी किती आणि सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती पैसे आहेत, हे तिन्ही त्यात सापडतं. सिंकिंग फंड रिकामा असेल तर पुढच्या दुरुस्तीची मोठी वर्गणी तुमच्याकडून निघणार.
- स्ट्रक्चरल ऑडिट. उपविधीनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं.
- जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का. झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे आणि पुढे पुनर्विकासात अडचण येईल. एवढ्यावरून घर सोडा असं मी म्हणणार नाही, डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा मार्ग आहे, पण किंमत ठरवताना हे धरा.

नव्या प्रकल्पात सगळ्यात जास्त गोंधळ सोयींवरून होतो. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, जिम, मंदिर, जॉगिंग ट्रॅक असतं. ते कुठल्या टप्प्यात बांधणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि फक्त तुमच्या विंगसाठी की शेजारच्या सहा इमारतींसह सगळ्यांसाठी, हे महारेराच्या (रेरा या गृहप्रकल्प कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरच्या प्रकल्प माहितीत आणि कराराच्या परिशिष्टात बघा. करारात नाही ती सोय मागताना तुमचा हात दुबळा पडतो. रंगीत माहितीपत्रक जपून ठेवा, ते पुढे पुरावा म्हणून लागू शकतं.

## 4. घर: निदान दीड तास द्या

लोक 40 लाखांचं घर 12 मिनिटांत बघतात. त्यातली पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघण्यात जातात. पश्चिमेच्या भिंती असतील तर दुपारी तीन-चार वाजता जा. क्रम असा ठेवा:

4.1 आधी मोजा. एजंट म्हणेल "650 चा वन बीएचके". करारात असेल 38.5 चौरस मीटर रेरा कार्पेट. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, तेव्हा हे झाले साधारण 414 चौरस फूट. 42 लाखांना 650 ने भागलं तर दर 6,460 दिसतो, 414 ने भागलं तर 10,145. तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याने करा. रेरा कार्पेटमध्ये आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत. त्या हिशेबाने पट्टी लावा. सॅम्पल फ्लॅटमध्ये दारं काढलेली असतात आणि पलंग मुद्दाम लहान करून घेतलेला असतो, तिथे तर मोजल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवूच नका.

4.2 मग पाणी. बाथरूमच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात दोन बादल्या ओता. पाणी नाहणीकडे जातं की उंबऱ्याकडे? डबकं राहिलं तर उतार चुकलाय, तो फरशी उखडल्याशिवाय सुधारत नाही. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा नळ एकदम सोडून दाब बघा. मग खालच्या मजल्यावर जाऊन विनंती करा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघा. तुमच्या घराची गळती तुमच्या घरात दिसत नाही, ती तिथे दिसते. ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही आणि राहायला गेल्यावर पहिलं भांडण याच जागेवरून होतं.

4.3 ओल. बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीचा खालचा एक फूट हाताने चाचपा. रंगाचे पोपडे, पांढरी खारी भुकटी, कपाटामागचा कुबट वास ही लक्षणं. घरभर जुना रंग आणि एकाच भिंतीवर ताजा असेल तर त्यामागचं कारण शोधा. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या खिडक्यांचे खालचे कोपरे बघा. वरच्या मजल्याचं घर असेल तर टॉर्च छताला तिरपा धरा, पोकळ झालेला गिलावा सावलीत उठून दिसतो.

4.4 वीज. टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. अर्थिंग नसेल तर तिथेच कळतं. मुख्य बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, आहे का, आणि तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का? मालकाकडून महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. "आम्ही इथेच राहतो" म्हणणाऱ्याच्या बिलावर महिन्याला पाच युनिट दिसली तर घर बंद होतं. का बंद होतं, ते शेजाऱ्यांना विचारा.

4.5 बाकी. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ वाजली तर ती पुढे उचलली जाणार. गोटी ठेवा, कुठे घरंगळते बघा. प्रत्येक खोलीत मोबाइलची रेंज बघा.

इशारा: सापडलेले दोष तिथल्या तिथे मालकाला बोलून दाखवू नका. वहीत लिहा, फोटो काढा. भाव ठरवताना एकदमच मांडा.

## 5. कागद: "रेरा नंबर आहे" एवढ्यावर थांबू नका

इथे घाई केलेल्यांचं काय झालं ते कल्याण-डोंबिवलीने पाहिलं आहे. खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून तिथल्या 65 इमारतींच्या प्रकरणात रेरा नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या लोकांकडे करार होते, कर्जं होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या. बेकायदा इमारतीलाही घरपट्टी लागते आणि वीजही मिळते, म्हणून या पावत्या कायदेशीरपणाचा पुरावा धरू नका.

म्हणून क्रम असा:

5.1 बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची (सीसी) आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घ्या. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन स्वतः नगररचना विभागात जा आणि त्यांच्या नोंदीशी जुळवा. न जमलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. मजल्यांची संख्याही जुळवा. मंजुरी चार मजल्यांची आणि तुमचा फ्लॅट पाचव्यावर, असं होऊ शकतं.

5.2 जमीन: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि बिनशेती आदेश. सर्व्हे नंबर सगळ्या कागदांवर एकच हवा.

5.3 नवा प्रकल्प: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून पूर्ण होण्याची तारीख, ती किती वेळा वाढवली, चालू खटले आणि जमिनीवरचा बोजा वाचा. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरंही 8 पेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे.

5.4 रिसेल: बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या नोंदणीकृत करारांची साखळी, प्रत्येकाची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे निबंधक कार्यालयातून मिळणारा नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मधला एखादा करार गहाळ असेल तर पोलिस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हे विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने करायचं. मूळ मालक वारला असेल तर नॉमिनीची एकट्याची सही पुरत नाही. नॉमिनी हा मालक नसतो. सगळे वारस सहीला हवेत किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं.

5.5 वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल. वकील तुमचा हवा, एजंटने सुचवलेला नको. घरावर कर्ज आहे का ते विकणाऱ्याच्या बँकेच्या पत्रावरून आणि सेरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीवरून कळतं.

इशारा: नोटरी केलेल्या कागदावर फ्लॅट किंवा चाळीतली खोली विकत घेऊ नका. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही. "इथे सगळे असंच घेतात" हे खरं असलं तरी तुमची रक्कम सुरक्षित होत नाही.

## 6. आता पैसे

टोकन चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर तीन वाक्यं असल्याशिवाय नाही: एकूण किंमत इतकी आणि त्यात पार्किंग व इतर सगळं धरलेलं, कागदांत दोष निघाला किंवा बँकेने त्या कारणाने कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत, आणि करार अमुक तारखेपर्यंत. एजंटच्या नावाने टोकन देऊ नका, मालकाच्या किंवा प्रकल्पाच्या खात्यातच द्या.

नव्या प्रकल्पात कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. 20 टक्के मागितले तर कायद्याचं नाव घेऊन नाही म्हणा. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून तो भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. हा राहिला की नोटीस तुम्हाला येते.

सही झाल्यापासून 4 महिन्यांत नोंदणी करा. महापालिका हद्दीत सोसायटी हस्तांतरणाचं अधिमूल्य म्हणून 25,000 पेक्षा जास्त मागू शकत नाही. "इमारत निधी"च्या नावाखाली लाख मागितले तर लेखी मागणी द्यायला सांगा.

## 7. ताब्याच्या दिवशी

चौथ्या टप्प्यातली वही पुन्हा काढा आणि त्याच क्रमाने घर परत तपासा, किल्ली हातात घेण्याआधी. नव्या घरात दोषांची यादी लेखी देऊन पोच घ्या. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो, पण तक्रार लेखी हवी. फोनवर सांगितलेलं कुठेच राहत नाही.

विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो त्या दिवशीच्या तारखेसह काढा. जुन्या मालकाकडून मेंटेनन्स, घरपट्टी आणि वीजबिल यांच्या शून्य थकबाकीच्या पावत्या घेऊनच शेवटचा हप्ता द्या. मग महिनाभरात तीन अर्ज करा: सोसायटीकडे शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवण्याचा, पालिकेकडे घरपट्टीवरचं नाव बदलण्याचा, महावितरणकडे जोडणी नावावर करण्याचा. तिन्हींना सूची क्रमांक 2 ची प्रत लागते, म्हणून नोंदणीच्या दिवशीच तिच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा.